विकतची सुटी आणि नागझिऱ्याचा वाघ

वसंत व्याख्यानमाला भरते तो काळ आणि घरोघर सुटीचे बेत शिजतात तो काळ एकच. समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी निम्म्यांच्या मनात या क्षणी आगगाडीच्या आरक्षणाची विवंचना असणार, हे आम्ही जाणून आहो. म्हणूनच आजचा विषय व्यवहारातला निवडला आहे. रांगेत तिष्ठून, गर्दीत धक्के खाऊन आणि वर्षाची शिल्लक खर्चून जी सुटी आपण विकत घेतो, ती त्या मोलाची असते काय? इतिहासाच्या अभ्यासकाने या वादात पडावे याचे कारण एवढेच की, हा प्रश्न आपल्या पिढीला वाटतो तितका नवा नाही. आणि ज्या स्वरूपात तो आज आपल्या दाराशी आला आहे, ते स्वरूप मात्र अगदी नवे आहे.

प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो नागझिऱ्याला. तिरोड्याकडून जंगलात शिरताना चोरखमाऱ्याचा नाका लागतो. त्या नाक्याबाहेर आम्ही सकाळच्या फेरीची वाहने परतताना पाहत उभे होतो. एका उघड्या जिप्सीतून शहरातले एक कुटुंब उतरले. अंगावर धूळ, डोळ्यांत जागरण. गृहस्थ चालकाला म्हणाले, "म्हणजे पैसे पाण्यातच गेले की!" वाघ दिसला नव्हता. प्रवेशशुल्क, वाहनाचे भाडे, वाटाड्याची फी आणि निवासाचा खर्च यांचा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे बोटांवर केला आणि भागाकाराला वाघच नसल्यामुळे उत्तर शून्य आले. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पदरचे पैसे मोजणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतोच. पण हा हिशेब कुठून आला, याचा शोध आम्ही त्या दिवसापासून घेत आहो.

प्रथम गर्दीचा विचार करू, कारण तक्रार बहुधा तिथून सुरू होते. गर्दी हा सुटीतला दोष आहे, असे सुशिक्षित माणूस धरून चालतो. आमचा पूर्वज तसे धरीत नसे. याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडला महाशिवरात्रीची यात्रा भरते. डोंगरावर महादेव आहे, तिथेच दर्गाही आहे, आणि दोन्हीकडे माणसांची रीघ लागते. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला गोंड बांधव अनेक राज्यांतून येतात. या यात्रांतून गर्दी वजा केली तर मागे उरेल काय? एक डोंगर आणि एक पायवाट. माणूस तिथे माणसांसाठीच जातो. गर्दी निरुपद्रवी असते असेही आम्ही म्हणत नाही. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीला चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसे गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पण ती गर्दी नीट न सांभाळल्याची किंमत होती.

खर्चाचेही तसेच. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे उतरतात, घरोघर पाहुणचार चालतो. दिवसा दंडार, कुठे शंकरपट, आणि रात्री नाटक. हे नाटक फुकटचे नव्हे. वडशाच्या नाटक कंपन्या तिकीट लावून प्रयोग करतात, प्रयोग रात्री चढतो आणि पहाटेस उतरतो, आणि धान कापून चार पैसे हाती आलेला शेतकरी ते तिकीट खुशीने काढतो.  "पैसे वसूल झाले काय?" असे त्याला विचारा, तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. लग्ने जुळली, भांडणे मिटली, बहीण चार दिवस राहून गेली. यातले काय तिकिटाच्या खाती मांडायचे आणि काय नाही, हे त्याला सांगता येणार नाही, आणि आम्हांलाही नाही. शहरातले नाट्यरसिक या रंगभूमीकडे नाक मुरडतात. त्यांनी एक रात्र तिथे उकिडवे बसून काढावी, एवढेच सुचवतो.

मग हिशेबाची दृष्टी आली कुठून? आमच्या समजुतीप्रमाणे ती कुंपणाबरोबर आली. लंडनला थेम्सच्या दक्षिण काठी व्हॉक्सहॉल नावाची रम्य बाग होती. १७३२ पासून जोनाथन टायर्स या चालकाने ती नव्या थाटात चालवली आणि आत जाण्यासाठी एक शिलिंग घेण्यास आरंभ केला. संगीत, दिव्यांची आरास, चित्रे आणि भोजन असे सारे आत एकाच कुंपणात. कित्येक दशके दर तोच राहिला, १७९२ मध्ये तो दुप्पट झाला. पण तक्रारी त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. तिथल्या मांसाचे काप इतके पातळ असत की त्यांतून वर्तमानपत्र वाचता यावे, असा विनोद लंडनमध्ये रूढ होता. आजच्या करमणूकबागेत मक्याच्या लाह्यांच्या पुडीचा भाव ऐकून जो चेहरा होतो, तो अडीचशे वर्षे जुना आहे हे ध्यानात घ्यावे. १८४३ मध्ये कोपनहेगनला तिवोली उघडली, ती अजून चालू आहे.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फेरिस नावाच्या अभियंत्याने आमच्या जत्रेतल्या आकाशपाळण्याचा एक अजस्र भाऊबंद उभारला. उंची २६४ फूट, छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसे. दोन फेऱ्यांचे पन्नास सेंट पडत, म्हणजे संपूर्ण प्रदर्शन पाहण्यास जेवढे पडत तेवढेच; तरी सुमारे साडेचौदा लाख माणसे त्यात बसली. पुढे १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. त्या दिवशी बनावट तिकिटांनी निमंत्रितांपेक्षा पुष्कळ अधिक गर्दी लोटली, नळ दुरुस्त करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे होते, आणि ताज्या डांबरात स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा रुतल्या. दाराशी एक डॉलर आणि आतल्या प्रत्येक खेळाला निराळे तिकीट, अशी तिथली पहिली रीत. दारातच सर्वांचे मिळून एकदम घेण्याची पद्धत १९८२ साली पूर्णपणे रूढ झाली. आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आले, ते २०२२ मध्ये बंद पडले; २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले.

या कुंपणाआडच्या सुटीविषयी आमचे मत श्रोत्यांना अनपेक्षित वाटेल. आम्ही तिला नावे ठेवीत नाही. ती महाग असेल, तिथे दोन मिनिटांच्या पाळण्यासाठी तासभर उभे राहावे लागत असेल. पण तो सौदा सरळ आहे. पाळणा फिरेल असे सांगून पैसे घेतले, पाळणा फिरला. गर्दी फार झाली तर तुमची मजा उणावेल, लोखंडाच्या पाळण्याला त्याचे काही नाही. ज्याला परवडते त्याने वर्षातून एकदा मुलांना खुशाल न्यावे, ज्याला परवडत नाही त्याने कर्ज काढून नेऊ नये. यापलीकडे त्या बाबतीत शहाणपणा शिकवण्याचे कारण नाही. प्रश्न खरा बिकट होतो तो हाच सौदा उचलून जंगलात नेला म्हणजे.

आणि तो नेला गेला, हे आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात स्वच्छ दिसते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि जंगले वनखात्याच्या ताब्यात गेली. या जंगलांचे शिकारीसाठी गट पाडण्यात आले. परवाना काढावा, फी भरावी, ठराविक दिवसांसाठी गट आपल्या नावे करावा. रेडकू बांधून वाघाला बोलावीत, मचाण बांधीत, हाक्याला आसपासच्या गावांतली माणसे थोड्या मजुरीवर उभी करीत. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण परवाना राहिला. उलट परदेशी धनिकांना मध्य भारतात वाघाची शिकार घडवून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. नागपुरातली ॲल्विन कूपर ही त्यांतलीच एक नामांकित. सात समुद्र ओलांडून डॉलर मोजणारा गिऱ्हाईक जंगलाची शोभा पाहण्यास येत नसे. त्याला वाघ हवा असे, आणि तो मुक्काम संपण्याच्या आत हवा असे. ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या दिवसांत वाघ मिळालाच पाहिजे, हा बाणा पर्यटकाने शोधून काढलेला नाही. तो त्याला शिकाऱ्याकडून वारशाने मिळाला आहे.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, याचा आनंद कोणास होणार नाही? पण रेडकू मात्र लगेच सुटले नाही. देशातील काही अभयारण्यांत पुढेही काही वर्षे पाहुण्यांना वाघ दाखवण्यासाठी आमिष बांधीत. ते बंद पडले. मग गोंदियाहून जवळच असलेल्या कान्ह्यात आणि बांधवगडला हत्तींचा खेळ निघाला. माहुतांनी पहाटे वाघ हुडकावा, हत्तींनी तो जागच्या जागी धरून ठेवावा, आणि पर्यटकांनी क्रमांक घेऊन, जादा पैसे भरून, हत्तीवर बसून एकामागून एक त्याला पाहून यावे. त्याचे नावच 'टायगर शो' असे होते. क्रमांक, रांग, जादा तिकीट आणि चार मिनिटांची फेरी! डिस्नेच्या बागेत आणि यात फरक एकच, पाळणा सजीव होता. पुढे हा प्रकारही थांबवावा लागला.

नागझिरा या साऱ्यापासून पुष्कळ दिवस दूर राहिले. हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झाले. विस्तार बेताचा, दीडशे चौरस किलोमीटरांच्या घरातला. झिरा म्हणजे पाझरून वर येणारे पाणी. भर उन्हाळ्यात न आटणारे पाणी आणि त्याच्या काठचे तळे हे इथले वैभव. ऐन, साग, बीजा, तेंदू, मोह आणि बांबू यांची दाटी. रानगवे, अस्वले, चितळ, सांबर, आणि कळपाने हिंडणारे रानकुत्रे. वाघ होते, पण थोडे, आणि ते दर्शन देण्याच्या बाबतीत उदार नव्हते. विश्रामगृहात वीज नव्हती. संध्याकाळी कंदील लागे आणि बोलणे आपोआप हळू होई.

मराठी वाङ्मयाला या जंगलाने जे दिले ते याच काळात दिले. व्यंकटेश माडगूळकर इथे येऊन राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' लिहिले. किरण पुरंदरे चारशे दिवस राहिले, त्यांतून 'सखा नागझिरा' झाले. मारुती चितमपल्ली यांनी तर वनाधिकारी म्हणून या टापूत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. या तिघांचे नाव घेण्याचे कारण त्यांच्या मुक्कामाच्या लांबीत आहे. त्यांनी जंगलाला दिवस दिले. जिप्सीची फेरी काही तासांत आटपते, आणि एवढ्या वेळात जंगलाने आपले सर्वस्व उलगडावे अशी अपेक्षा असते. शेजाऱ्याच्या घरी पहिल्या भेटीत कोणी तिजोरी दाखवा म्हणत नाही. अर्थात चारशे दिवस राहण्याची सवड नोकरदार माणसाला नाही, हे आम्ही मान्य करतो. परवानगीही मिळणार नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. त्याच साली एक घटना घडली, जिचा आमच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' नावाचा तरणा वाघ शेते, रस्ते आणि नदी ओलांडीत शंभराहून अधिक किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्याच्या नव्या अभयारण्यात जाऊन राहिला. देहाने प्रचंड, आणि माणसांना न बुजणारा. पाहता पाहता उमरेडला वाहनांची रीघ लागली. ज्या जंगलाचे नाव नागपूरकरांनाही धड ठाऊक नव्हते, तिथे एका वाघापायी बाजार भरला. २०१६ च्या एप्रिलनंतर जय दिसला नाही. तो अखेरपर्यंत सापडला नाही. बाजार मात्र उठला नाही, त्याला दुसरे वाघ मिळाले.

त्या बाजाराचे पुढे काय झाले तेही सांगणे प्राप्त आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, वर्षअखेरीच्या सुटीत, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली असता पर्यटकांच्या वाहनांनी तिला पुढून आणि मागून कोंडले. चित्रे काढली जात होती, आणि आई व पिल्ले मधोमध अडकली होती. ती चित्रे सर्वत्र पसरली, चालक व वाटाड्यांवर कारवाई झाली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये आपण होऊन दखल घेतली. चालक दोषी होते यात शंका नाही. पण चालकाच्या पाठीशी जी सहा माणसे बसली होती, त्यांचे काय? "अजून थोडी पुढे घ्या," असे कोण म्हणत होते? चोरखमाऱ्याच्या नाक्यावर ऐकलेले ते वाक्य आम्हांला या ठिकाणी पुन्हा ऐकू येते. पैसे पाण्यात जाऊ नयेत म्हणून वाघिणीची वाट अडवली गेली. पाळण्याभोवती गर्दी झाली तर पाळणा बिघडत नाही. इथे ज्यासाठी पैसे मोजले तीच वस्तू गर्दीने नासते.

न्यायालयांना हे आधीच उमगले होते. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते बंदच केले होते, तेव्हा धंदेवाल्यांत हाहाकार उडाला. १६ ऑक्टोबरला बंदी उठली ती नियमांसह. गाभ्याचा फार तर पाचवा हिस्सा पर्यटनाला खुला ठेवावा, वाहनांची संख्या जंगलाच्या ताकदीप्रमाणे ठरवावी, असे ते नियम. वाहने मोजकी झाली की आरक्षण दुर्मीळ होते, दुर्मीळ झाले की सुटी महाग होते. तेव्हा नाक्यावर जो भाव पडतो त्यातला काही भाग जंगल शाबूत ठेवण्याचा आहे, हे पर्यटकाने समजून घ्यावे. हा भाव आम्हांला गैर वाटत नाही. गैर वाटते ती त्याच्यामागची समजूत, की भाव वाघाचा आहे.

आणखी एक किंमत आहे, ती पावतीवर नसते. कवलेवाडा, कालीमाती, झनकारगोंदी ही गावे या व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलांतून उठून सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूर येथे वसवली गेली. जी गावे भोवती राहिली त्यांचा मोह, तेंदू आणि सरपण यांवर बंधने आली. गुरे वाघ-बिबट्याने मारली तर भरपाईसाठी हेलपाटे आले. आपण ज्या शांततेत फिरतो ती शांतता कोणाची तरी शेते आणि देवस्थाने मागे सोडून झालेली आहे. त्या बदल्यात गावच्या तरुणांना वाटाड्याचे काम मिळते, जिप्सी चालवण्याचे मिळते. हे थोडे नाही, पण सर्वांना पुरेल इतकेही नाही. आता पुढचा पेच पाहा. पर्यटक वाघाची हमी मागतात. हमी नाही म्हणून नागझिऱ्यापेक्षा ताडोब्याला जातात. मग वाटाड्याला फेरी मिळत नाही. म्हणजे वाटाड्याचे पोट त्या हमीवर लटकलेले आहे, आणि वाघिणीला कोंडण्याचा मोहही त्याच हमीतून जन्मतो.

मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, २०२४ मध्ये आणखी एक आणली. तिकडे वाघ दाटले आहेत, इकडे जागा आहे. संवर्धनाच्या दृष्टीने या कामाला अर्थ आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु वाघ वाढले म्हणजे नागझिरा 'चालू लागेल' अशी जी भाषा हॉटेलांच्या गल्ल्यावर ऐकू येते, ती ऐकून उमरेडची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तेव्हा सुटीचा बेत करणाऱ्यांना आमचे उत्तर एकसारखे नाही. मुलांना पाळण्यात बसवायचे असेल तर खोपोलीला न्यावे, रांगेत उभे राहावे, कुरकुर करू नये. वाघ पाहायचाच आहे आणि वेळ एक दिवसाचा आहे, अशांसाठी नागपूरजवळ गोरेवाड्याचे प्राणिसंग्रहालय जानेवारी २०२१ पासून खुले झाले आहे; तिथे कुंपणातल्या वाघाजवळून गाडीने जाता येते. त्यात कमीपणा काही नाही, आणि कोणा वाघिणीची वाट अडत नाही. माणसांची गर्दी हवी असेल तर मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीत यावे, जेवणाची सोय होईल.

नागझिऱ्याला मात्र ज्याला यायचे असेल त्याने दोन दिवस काढून यावे, आणि फेरीच्या आरंभी वाटाड्याला "वाघ कुठे आहे?" असे विचारू नये. त्याचे गाव विचारावे. मग तो बोलू लागतो. ऐनाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे कोणते आणि बिबट्याचे कोणते, हे तो उतरून न जाताच दाखवतो; रानकुत्र्यांनी काल कुठे चितळ मारले ते सांगतो; आजी मोह वेचायला कुठवर जात असे, ती जागाही बोटाने दाखवतो. आम्हांला त्याने ती दाखवली तेव्हा मागून एक गाडी आली, तिच्यातून कोणीतरी विचारले, "काही आहे काय?" वाटाड्या म्हणाला, "नाही, काही नाही." गाडी धूळ उडवीत पुढे गेली.